दरबारात बेडकाची साक्ष

मेल्यावर मी बेडूक झाले, तर माझ्या ठकूला मी ओळखू येईन का? या काळजीनं मला तीन दिवस झोप नाही! चांगली सातवी शिकलेली बाई मी. असल्या काळज्या करायला कुठल्या इयत्तेत शिकले, कोण जाणे.

झालं असं, की काटेगडच्या सरकारी शाळेतले गुणाजी गुरुजी पाढ्यांच्या तासाला पाढे सोडून प्रवचन द्यायला लागले. "चातुर्मासात कांदा खाईल तो मेल्यावर बेडूक होईल!" आमचा तर कांद्याचाच मळा. ठकू रडत घरी आली. मागोमाग शेजारची हमीदा. "मावशी, आमच्यात चातुर्मासच नसतो. मग मी पण बेडूक का?" मी दोघींना भाकरी वाढली. सोबत कांदा द्यावा की नाही, यातच अर्धा तास गेला.

शेवटी धीर करून भुजंगराजांसमोर उभी राहिले. "सरकार, गुरुजींनी देवधर्म घरी सांगावा. शाळेत पाढे शिकवावेत."

राजे एक नंबरचे हट्टी. "म्हणजे गुरुजी खोटं बोलतात?"

"नाही... म्हणजे हो... म्हणजे मला काय ठाऊक, सरकार!"

"मग मेल्यावर परत आलेला साक्षीदार उद्या हजर कर! नाहीतर पोरीचं नाव हजेरीपटावरून कमी!"

मी रडकुंडीला आले. ठकू म्हणाली, "एवढंच ना? आई, तांब्या दे."

दुसऱ्या दिवशी दरबारात तिनं तांब्यावरचं फडकं काढलं. टुणकन बेडूक बाहेर!

"हा साक्षीदार, सरकार. गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे हा मरून परत आलाय."

"अगं, पण हा कोण?"

"ते गुरुजी सांगतील. त्यांना तिकडचं सगळं ठाऊक असतं!"

गुरुजी ऐटीत पुढे झाले. "असेल कुणी कांदेखाऊ! पोट बघा केवढं! चारही महिने चापला असणार!"

ठकू हळूच म्हणाली, "सरकार, चातुर्मासात आमच्या मळ्यातून गडावर रोज टोपलीभर कांदा जायचा. आपल्या वडिलांना, कैलासवासी आबासाहेब महाराजांना, रोज भजी लागायची ना?"

मी डोळेच मिटले. शाळा राहू दे, आता गावही सुटलं!

राजांनी बेडकाकडे पाहिलं. मग गुरुजींकडे. "गुरुजी... हे आमचे आबासाहेब?"

गुरुजींना दरदरून घाम फुटला. "छे, छे, सरकार! साधा बेडूक! विहिरीतला! बेडकाच्याच पोटचा!"

"मग कांदा खाणाऱ्याचं काय होतं?"

"काही नाही, सरकार! फार तर ढेकर येतो!"

राजे इतके हसले, की पगडी मांडीवर आली. "गुरुजी, प्रवचन तुमच्या ओटीवर. ज्याला यायचं तो येईल. शाळेत पाढे! आणि पोरी, तू बक्षीस माग. काय वाट्टेल ते!"

हिनं हत्ती मागितला तर बांधायचा कुठे, हा मला नवा घोर.

"सातचा पाढा!" ठकू म्हणाली. "गुरुजी आषाढापासून सहावरच अडलेत."

"द्या बक्षीस!" राजे गरजले.

गुरुजींनी तिथंच हात जोडून सुरुवात केली. "सात एके सात, सात दुणे चौदा..."

"डराँव!" बेडूक मध्येच ओरडला.

ठकूनं त्याच्यावर डोळे वटारले. "आबासाहेब, गप्प बसा! पाढा चाललाय!"