शिवेच्या दगडापाशी रुसलेला मामा

फार पूर्वी दोन गावांच्या मधून एक नदी वाहायची. वाहायची म्हणजे पावसाळ्यात. वैशाखात तिच्यात नुसती वाळू न् गोटे. पात्राच्या मधोमध एक काळा दगड होता, तीच दोन गावांची शीव. लग्न ठरलं की वऱ्हाडाने त्या दगडापाशी थांबायचं आणि मुलीकडच्यांनी खाली उतरून नवरदेवाचे पाय धुवायचे. हे सीमांतपूजन झाल्याशिवाय वऱ्हाडाने शीव ओलांडायची नाही, असा रिवाज.

एकदा एका गृहस्थाच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न मोठ्या मिनतवारीनं जमलं. उन्हं कलताना वऱ्हाड पात्रात उतरलं. पुढे नवरदेवाचा मामा, नाकावर माशी बसू न देणारा. तो दगडाशेजारी जाजम अंथरून ऐसपैस बसला.

वधूपिता पूजेचं ताट घेऊन निघाला, तोच बायकोने त्याला थांबवलं. "अहो, डोंगराकडे बघा. तो ढग दुपारपासून जागचा हललेला नाही."

त्याने पाहिलं. वळवाचा ढग म्हणजे वाटसरू, दोन शेतं भिजवून पुढे जायचा. हा मात्र मुक्कामाला आल्यासारखा बसला होता आणि त्याच्याखाली डोंगर दिसेनासा झाला होता. नदी त्याच डोंगरातून यायची. 

काठावरूनच तो ओरडला, "मंडळी, वर या! पूजा इथेच करू. डोंगरात पाऊस कोसळतोय!"

"आम्ही आपण होऊन शीव ओलांडायची?" मामा कडाडला. "वऱ्हाडी आहोत, भिक्षेकरी नव्हे! आणि इथे तर लख्ख ऊन आहे. गर्जेल तो पडेल काय?"

"पडतोय हो! तिकडे पडतोय, पण पाणी इकडेच येणार."

"पूजा इथे होत नसेल, तर लग्न मोडलं म्हणून समजा!"

 घरी मांडव सजला होता, लेक मेंदी लावून बसली होती. पटकन उतरून पाय धुवावेत, चटकन होईल, असं वधूपित्याला वाटून गेलं. तेवढ्यात वऱ्हाडातली पोरं वाळूत खोपे करताना दिसली. त्याने ताट बायकोच्या हाती दिलं, धावत खाली गेला आणि पागोटं मामाच्या पायांवर ठेवलं.

"लग्न मोडायचं तर खुशाल मोडा. पण काठावर चला आणि मग मोडा."

"चला रे!" मामा ताडकन उठला. "आता गावासमोरच मोडतो!"

तो तरातरा चढ चढू लागला, मागोमाग सगळं वऱ्हाड. रागाच्या भरात शीव कधी ओलांडली, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

वर पोचून त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. वळणावरून गढूळ पाण्याचा लोंढा घोंघावत आला. झाडं, गोटे, जाजम, सगळं ओढून नेलं. काळा दगड दिसेनासा झाला.

आयांनी पोरं छातीशी धरली. सगळी होती, एकही कमी नव्हतं. वधूपिता मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. एवढा हलका तो जन्मात झाला नव्हता.

मामाने पाण्याचा तांब्या उचलला.

"व्याहीबुवा, पाय पुढे करा."

"अहो, धुवायचे ते नवरदेवाचे!"

"त्याचे तुम्ही धुवा. तुमचे आज मी धुणार," मामा म्हणाला. 

लग्न थाटात झालं. पुढे दोन्ही गावांनी सीमांतपूजन उंच काठावर करायचं ठरवलं.

तात्पर्य: डोक्यावर ऊन आहे म्हणून नदीत निर्धास्त बसू नये. डोंगरावर ढग ठाण मांडून बसला, की आधी काठ गाठावा, मानपान नंतर.