वाळू कुठे टाकायची

नजर पोचेल तिथवर वाळूच वाळू, अशा एका मुलखात मिठडी नावाचं छोटंसं गाव होतं. सकाळी तिथली वाळू गुलाबी दिसे, दुपारी पांढरी, आणि सूर्य मावळताना वाटे, कोणी हळदकुंकू कालवून सांडून ठेवलंय.

त्या गावात झमकू नावाची मुलगी राहायची. घरात ती आणि तिची आई, एवढीच माणसं. आईचा एक पाय लहानपणापासून अधू होता. भिंतीला धरून ती घरात फिरायची, काठी घेऊन अंगणापर्यंत यायची. त्यापुढे नाही. म्हणून बकऱ्या चारायच्या झमकूने, सरपण आणायचं झमकूने, आणि विहिरीवरून पाणी आणायचं तेही झमकूनेच. तिची घागर इवलीशी होती, त्यामुळे खेपा फार व्हायच्या. घरामागे चिमुकलं वावर होतं. त्यात थोड्या काकड्या आणि थोडी टरबुजं यायची. तेवढ्यावर दोघींचं चालायचं.

गावाला विहीर एकच. आजूबाजूच्या गावांतलं पाणी खारट, हिचं मात्र गोड. पण विहिरीमागे वाळूचं एक भलंमोठं टेकाड होतं. पूर्वी ते आपल्या जागी बसून असायचं. मग लोकांनी त्याच्यावरची झुडपं तोडून चुलीत घातली, आणि टेकाड चालायला लागलं. हळूहळू, रोज थोडं. आता ते विहिरीच्या कठड्याला येऊन टेकलं होतं. वारा सुटला की वाळू सुळसुळ आत पडायची. पोहऱ्यात पाणी कमी आणि वाळू जास्त यायला लागली होती.

म्हणून गावाने वाळू समिती केली. समितीत कोणालाही येता यायचं. टोपली आपली आपण आणायची, एवढीच अट. पगार नाही, आणि चहासुद्धा घरून पिऊन यायचं. झमकूकडे एक छोटुकली टोपली होती. ती घेऊन झमकू गेली आणि सभासद झाली.

रोज सकाळी सगळे जमायचे, वाळू भरायचे आणि नेऊन टाकायचे. टाकायचे कुठे, तर विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, जवळच. कारण त्यापुढे हरखाबांचं शेत होतं. हरखाबा म्हणजे समितीचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे. डावीकडे सुगनाकाकींचं शेत आणि उजवीकडे उंटवाल्या राणामामांचं. विहिरीची वाळू आपल्या शेतात कोणालाच नको होती. मग वारा यायचा आणि टाकलेली वाळू परत विहिरीपाशी आणून ठेवायचा. सकाळी समिती पुन्हा जमायची.

एकदा हरखाबा विहिरीत बराच वेळ वाकून बघत राहिले.

"दिवाळीपर्यंत बुजेल," ते म्हणाले. "मग गाव उठवावं लागेल. पुढचं गोड पाणी लांब आहे. दोन-तीन दिवस चालावं लागेल."

संध्याकाळी झमकूने आईला विचारलं, "आई, तुला एवढं चालवेल?"

"मला कशाला चालायचंय," आई भाकरी थापत म्हणाली. "तू जा सुगनाकाकीबरोबर. मी राहीन इथे. घराला माणूस नको का कोणी?"

आईने हे अगदी सहज सांगितलं. झमकूने भाकरी अर्धीच खाल्ली आणि सकाळसाठी आपली टोपली दाराशी नेऊन ठेवली.

गावाबाहेर शमीच्या झाडांची एक लहानशी देवराई होती. तिथे हिरवी सावली होती, निळेजांभळे मोर होते, मोठ्या डोळ्यांची हरणं होती. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही, असा गावाचा नेम. पण प्लास्टिकच्या पिशव्या कुठून कुठून उडत यायच्या आणि बोरीच्या काट्यांना अडकून बसायच्या. झमकूची एक बकरी अशी पिशवी खाऊन मेली होती. तेव्हापासून झमकू बकऱ्यांच्या पुढे चालायची आणि दिसेल ती पिशवी काढून घ्यायची. तिच्या बकऱ्या ज्या बाजूला जात नसत, तिथल्याही काढायची. दुसऱ्या कोणाच्या बकऱ्या तिथे जायच्याच की.

दुसऱ्या दिवशी एका निळ्या पिशवीत तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. झमकूने एकेक काटा अलगद सोडवला. बोटांना रक्त आलं, ते तिने ओढणीला पुसलं. पिशवी उघडली, तर आत एक परी.

करंगळीएवढी परी. मोरपंखी झगा, बाभळीच्या फुलांसारखे पिवळेधमक केस, आणि अभ्रकाचे असावेत असे झगमगते, नाजुकसे पंख. एक पंख जरासा दुमडला होता. परी धापा टाकत होती.

झमकूच्या लोट्यात घोटभर पाणी उरलं होतं. तिने ते ओंजळीत घेऊन परीपुढे धरलं.

"तुला नको?" परीने विचारलं.

"मी घरी जाऊन पिईन. तू पी."

परी पाणी प्यायली, पंख धुतले, झटकले. सात रंगांचे थेंब उडाले. मग ती झमकूच्या अंगठ्यावर येऊन बसली.

"तुला एक इच्छा मागता येईल," ती म्हणाली. "पण मी पुरवते त्या इच्छेला नियम असतात, ते आधी ऐकून घे. मी नवीन काही करत नाही. पाणी नाही, सोनं नाही, लाडूसुद्धा नाही. मी फक्त इथली गोष्ट उचलून तिथे ठेवते. म्हणून कुठून उचलायची आणि कुठे ठेवायची, दोन्ही सांगायचं. जिथे ठेवायची, त्या जागेच्या धन्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायला हवं. आणि ठेवलेलं रुजेपर्यंत मला जाता येत नाही. तेव्हा जागा जरा बरी बघ."

"मागायची कधी?"

"उद्या सूर्य मावळायच्या आत."

झमकूने थोडा विचार केला. "मग मी समितीला विचारते."

परी खुदकन हसली. असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. "समिती म्हणजे काय गं?"

"सगळ्यांनी मिळून वाळू उचलायची."

"आणि?"

"आणि भांडायचं," झमकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीची सभा विहिरीच्या कट्ट्यावर बसली. झमकूने सगळं सांगितलं.

"परी म्हणे," राणामामांनी विडीचा झुरका घेतला. "उन्हात फिरतंय पोर, दुसरं काय."

तेवढ्यात परी येऊन विहिरीच्या चाकावर बसली. गंजकं चाक चांदीसारखं चमकायला लागलं. राणामामांनी विडी विझवली आणि मांडी नीट घालून बसले.

"विषय समितीपुढे आला आहे," हरखाबा म्हणाले. "बोला."

सुगनाकाकींनी घसा साफ केला. "मी काय म्हणते, एखादी नदीच आणली तर?"

"कोणाची?" परीने विचारलं.

"असेल कोणाची तरी."

"मग ते लोक काय पितील?"

"मी आपलं विचारलं," काकी म्हणाल्या आणि ओढणी सारखी करत बसल्या.

"पाणी आपल्याकडे आहेच," हरखाबा म्हणाले. "वाळू हलवायची आहे. कुठे, ते सांगा."

"पलीकडच्या गावात टाका की," राणामामा म्हणाले. "तिथलं पाणी तसंही खारट आहे. त्यांना काय फरक पडतोय."

"त्यांच्यापैकी कोणी हो म्हणालंय?" परीने विचारलं.

"न विचारता नाही का टाकता येत?"

"नाही येत."

"फार नियम बुवा तुमचे. सरकारी परी दिसते."

कोणीतरी देवराईचं नाव काढलं. परी हळूच म्हणाली, "तिथले धनी मोर आणि हरणं. विचारून येऊ?"

"मग आपल्यातलंच कोणाचं तरी शेत," हरखाबा म्हणाले, आणि स्वतःच दुसरीकडे बघायला लागले.

"माझं शेत म्हणजे आधीच वाळवंट आहे," राणामामा म्हणाले.

"वाळवंटच आहे, तर मग अजून थोडं," काकी म्हणाल्या.

"मग तुझ्याकडेच घे ना."

"माझ्या शेतात सासऱ्यांनी लावलेली शमी आहे. ती काय वाळूत पुरू?"

असं बराच वेळ चाललं. सावल्या लांब झाल्या. वाळूवर केशरी रंग चढायला लागला. टेकाडावरून वाळूची एक धार सुळसुळ करत विहिरीत पडली.

झमकू उठली. "आमच्या घरामागे वावर आहे," ती म्हणाली. "पण धनी आई आहे. तिला विचारून येते."

ती पळत घरी गेली. आईने सगळं ऐकून घेतलं.

"सगळं टेकाड?"

"सगळं."

"मग वावर जाईल. घरही जाईल."

"हो," झमकू म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

आईने वेलाकडे पाहिलं. "ती दोन टरबुजं तेवढी काढून घे. पिकली आहेत." मग तिने काठी घेतली. "चल. हो माझ्या तोंडाने म्हणायचंय ना? मग मलाच यायला हवं."

आई अंगणाबाहेर पडली. थोडं चालायची, थांबायची. एक हात काठीवर, एक झमकूच्या खांद्यावर. विहिरीवरच्या माणसांनी तिला लांबून येताना पाहिलं. भांडण आपोआप थांबलं. हरखाबा उठून उभे राहिले आणि त्यांनी आपली जागा तिला दिली.

आई बसली. दम लागला होता, तो आधी खाली बसू दिला.

"टाका आमच्या वावरात," ती परीला म्हणाली. "घर गेलं तरी चालेल. विहीर राहिली तर गाव राहील, आणि गाव राहिलं तर घर पुन्हा बांधता येईल. तोवर झमकूला काकी ठेवून घेतील. मी इथे कट्ट्यावर बसेन."

राणामामा पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिले.

मग हरखाबांनी मिशीवरून हात फिरवला. "परीबाई, त्यांच्या वावरात घाला, पण पसाभरच. बाकीची माझ्या शेतात."

"सगळी तुमच्याच का?" सुगनाकाकी म्हणाल्या. "मी मेले की काय? माझ्याकडेही टाका. शमीच्या बुंध्यापासून जरा लांब, एवढंच."

मग एकेक जण बोलायला लागला. माझ्या अंगणात थोडी. माझ्या खळ्यात थोडी. राणामामा तेवढे उरले. काकी त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या उंटाला लोळायला वाळू लागतेच की."

"लागते," राणामामा म्हणाले. "पण त्याला कसलीही चालत नाही. मऊ बघून टाका."

सूर्य मावळायला बोटभर बाकी होता. परी चाकावरून उडाली. टेकाडावर तिने एक गिरकी घेतली, आणि सगळं टेकाड हळूच उचललं गेलं. सोनेरी ओढणी वाऱ्यावर धरावी तसं ते आभाळात पसरलं, लखलखलं, आणि शेताशेतांवर, अंगणांवर, खळ्यांवर भुरभुरत उतरलं. सगळ्यांत वाटल्यावर प्रत्येकाकडे वाळूचा थर भाकरीएवढाच जाड पडला. झमकूच्या वावरात पसाभर. घर होतं तसंच राहिलं.

परीने विहिरीच्या तळातली वाळूही उपसून तशीच वाटून टाकली. खाली पाणी दिसलं, आणि पाण्यात गुलाबी आभाळ.

हरखाबांनी पोहरा सोडला. पहिलं पाणी झमकूच्या आईला दिलं. आजवर ती हे पाणी घागरीतूनच प्यायली होती, विहिरीवर कधीच नाही.

"गार आहे," ती म्हणाली. "घरी येईपर्यंत कोमट होतं."

परत जाताना राणामामांनी तिला उंटावर बसवलं. टरबुजं समितीने तिथेच फोडून खाल्ली.

परी मात्र गेली नाही. ठेवलेलं रुजेपर्यंत तिला जाता येत नव्हतं. ती झमकूच्या वावरात टरबुजाच्या पानाखाली राहायला लागली. झमकू रोज तिला बोराच्या आठळीएवढ्या द्रोणात पाणी द्यायची. वाळूत काय रुजणार, हे झमकूला कळत नव्हतं. परी सांगायची नाही.

काही दिवसांनी दोन ढग वाट चुकून आले आणि एक सर पाडून गेले. त्यानंतरच्या सकाळी झमकू मागच्या दारी गेली आणि तिथेच उभी राहिली. सगळ्या वावरात बारीक बारीक, पोपटी, लुसलुशीत पाती उभी होती. प्रत्येक पात्यावर एकेक थेंब. एका पात्यावर परी झोके घेत होती.

"मी नवीन काही केलेलं नाही," परी म्हणाली. "टेकाडाच्या पोटात जुन्या गवताचं बी होतं, तिथे झुडपं होती तेव्हाचं. वाळू सगळ्यांना वाटली. बी मात्र सगळं इथेच ठेवलं, कारण पहिलं हो इथून आलं. हे गवत मुळांनी वाळू धरून ठेवतं. तुझ्या बकऱ्यांना पुरेल, आणि समितीला विहिरीमागे लावायलाही पुरेल. उन्हाळ्यात पुन्हा वारे येतील. त्याआधी लावा."

"तू जाणार?"

"रुजलं ना."

परीने झमकूच्या बोटाला, जिथे काटे टोचले होते तिथे, आपला गाल टेकवला. तेवढ्यात सूर्याचा पहिला किरण वावरात आला. थेंब चमकले, पाती चमकली, परी चमकली, आणि सगळा उजेड एक झाला. डोळे मिटून उघडेपर्यंत पातं नुसतंच हलत होतं.

"आई," झमकूने हाक मारली. "आई, बाहेर ये. बघ काय झालंय."

आई भिंतीला धरून मागच्या दाराशी आली. कितीतरी वेळ ती त्या हिरव्या वावराकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले.

"झमकू," ती म्हणाली, "आधी बकऱ्या बांध."