धाकट्या फुटव्याचा पीळ

ओंबी कापून नेल्यावर मागे उरलेल्यांनी कशासाठी उभं राहायचं, हे धाकट्याने शिवारात सगळ्यांना विचारलं होतं. थोरला आणि तो गव्हाच्या एकाच ठोंबाचे दोन फुटवे. त्या राज्यात दाणे कोठारात जात आणि मागे उरलेलं काड जागेवरच जाळलं जाई.

एका वर्षी दरबारात पांढरी बुरशी आली. आवाज मऊ होता. "जाळता कशाला? माझ्या घरी पाठवा," ती म्हणाली. "मी त्या काडाचं मांस करून देते. नगरातलं एकही पोर अशक्त राहणार नाही." राजाने आग बंद केली. शिवाराने सुटकेचा निःश्वास टाकला.

बुरशीची अट एकच होती, काड कोरडं हवं. थोरला आनंदाने उन्हात पडून वाळला. धाकटाही शेजारी पडला, पण तो उशिरा फुटलेला, ओंबीच न धरलेला, अजून हिरवा. बुरशीच्या दारावर राखणीला बसलेल्या विळ्याने त्याला बाजूला सारलं.

"ओला आहेस. स्वतः सडशील आणि बाकीच्यांना सडवशील."

"मला दादाबरोबर जायचंय."

"मग वाळून ये. घाई कसली?"

थोरला म्हणाला, "तोंड पाडू नकोस रे. जाळत तर नाहीत ना? काम झालं की येतो परत."

आत काडाचे तुकडे झाले. शिवाराचा वास जाईपर्यंत ते उकळले गेले, पिशव्यांत दाबून अंधारात टांगले गेले. धाकटा बाहेर भिंतीच्या ओलसर फटीशी पडून राहिला.

"दादा, दुखतं का?"

"नाही. ऊब आहे. बुरशी अंगभर हात फिरवते. आपल्याला असं कुणी कुरवाळलं होतं का कधी?"

पुढे त्याचा आवाज बारीक होत गेला.

"दादा, तू आतून पोकळ वाटतोस."

"आपण जन्मापासून पोकळच की रे," थोरला म्हणाला आणि हसला. त्यानंतर तो बोलला नाही.

पिशव्यांना भोकं पाडून पांढरी, मांसल अळंबी बाहेर आली. नगरात पंगती बसल्या. पोरांच्या गालांवर खरोखरच रंग चढला. चौकाचौकांत दवंडी फिरली, की या मांसासाठी कुणाचाही जीव गेलेला नाही.

अळंबी खुडून झालेल्या पिशव्या भिंतीमागे झटकल्या गेल्या. तपकिरी भुगा पडला. धाकट्याने त्यात दादाला शोधलं. सगळा भुगा सारखाच होता. मग त्याने ठरवलं, सगळ्यांनाच घरी न्यायचं.

शिवारात पेंढी नेहमी ओल्या काडाने बांधतात. वाळलेलं काड पिळताना तुटतं. अजून ओल्याच असलेल्या धाकट्याने स्वतःला पीळ दिला, भुग्याभोवती वेढा घातला आणि गाठ मारली. भुगा खालून निसटला. त्याने गाठ आवळली. वेढा लहान झाला, अजून थोडा भुगा निसटला. आता वेढ्यात काहीच नव्हतं. त्याने गाठ पुन्हा आवळली.