पाचव्यांदा घातलेली नळी

मंगळवार होता. एक वृद्ध भूलतज्ज्ञ ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांचा जुना शिष्य फाटक उघडून आत आला आणि पायरीवरूनच म्हणाला, "सर, काल माझ्या हातून एक बाई गेली. चौतीस वर्षांची. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन होतं."

भूल चढली की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. मग तोंडावरच्या मास्कने किंवा घशातल्या नळीने तो भूलतज्ज्ञालाच चालवावा लागतो.

"नळी बसेना?"

"पाचव्यांदा बसली. पण तोवर उशीर झाला होता."

गुरूंनी सांत्वन केले नाही. आतून नळी घालण्याच्या सरावाचे जुने रबरी डोके आणि नळी आणून त्याच्यापुढे ठेवली. "घाल," म्हणाले, आणि स्वतःचे नाक-तोंड घट्ट दाबून समोर बसले.

शिष्य गोंधळला, तरी वाकला. रबर कडक झाले होते. नळी अडली, पुन्हा अडली. गुरूंचा पाय लागून शेंगांची परडी कलंडली तेव्हा कुठे त्याने मान वर केली. त्यांचा चेहरा निळसर पडला होता.

"सर! काय करताय हे? श्वास घ्या!" नळी टाकून त्याने त्यांचे हात ओढून काढले.

धाप ओसरल्यावर गुरू म्हणाले, "आत्ता टाकलीस ना नळी? काल का नाही टाकलीस? मास्कने श्वास जात होता?"

"सुरुवातीला नीट जात होता."

"मग शहाण्या, जाणारा श्वास थांबवून नळी कोणासाठी घालत होतास?"

"सर्जन समोर उभे होते. म्हणाले, 'काय डॉक्टर, आज होणार आहे ना?' सगळे हसले."

"म्हणजे तिच्या घशात तू तुझी अब्रू शोधत होतास. अरे, नळीवाचून माणूस मरत नाही, श्वासावाचून मरतो. दोनदा अडली की हात मागे घ्यावा, मास्क लावावा, आणि 'मला जमत नाही' असं मोठ्यानं म्हणावं. हे शिकवायचं माझ्याकडून राहिलं." मग त्यांनी विचारले, "घरच्यांना काय सांगितलंस?"

"हृदय कमजोर होतं, असं."

"खरं जाऊन सांग."

शिष्याला सारे उमगले होते. त्यानंतर त्याने तिसऱ्यांदा नळी कधीच घातली नाही. दुसऱ्यांदा अडली की तो सर्वांसमोर मास्क उचलतो.

त्या बाईच्या नवऱ्याकडे मात्र तो अजून गेलेला नाही.