खिळ्यावाचून छप्पर

खरे तर ही गोष्ट मी सांगायची नाही, असे बाबांनी बजावले आहे. पाहुण्यांना ती शमुवेल आजोबा सांगतात. पण ते अजून आले नाहीत आणि तुम्ही तर केव्हाचे वर बघत उभे आहात. म्हणून सांगते.

आमच्या चर्चच्या छपराला एकही खिळा नाही. बाभूळ, लिंब, आंबा, मिळाले ते लाकूड, आणि त्याला घायपाताच्या वाखाचे दोर.

असे सांगतात, की पूर्वी इथे नुसत्या चार भिंती होत्या. दोर वळणारी म्हातारी तानूबाई नेहमी अगदी पुढे बसायची, कारण तिला कमी ऐकू येई. एका रविवारी इनामदार आले. छपराला सागाच्या तुळया आणि खिळे देणार, असा त्यांचा निरोप होता. पाळकसाहेबांनी पुढे खुर्ची मांडली आणि तानूबाईला दारात, चपलांपाशी बसायला सांगितले.

"तिथून मला शब्द ऐकू यायचा नाही, साहेब."

"अगं म्हातारे," बाया कुजबुजल्या, "छपराचा प्रश्न आहे. एक रविवार नाही ऐकलंस, तर देव काय रुसून बसतोय?"

तानूबाई उठली. सगळ्या चपला तिच्या ओळखीच्या होत्या. तरी त्यांच्यात बसताना परक्या गावात आल्यासारखे वाटले. पाळकसाहेबांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.

त्या दिवशीचा पाठ बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला होता म्हणे. भारी कपडेवाल्याला चांगली जागा देता आणि गरिबाला पायांपाशी बसवता, इथवर आले आणि पाळकसाहेबांनी दाराकडे पाहिले. मग पुस्तक घेऊन ते चालत दाराशी गेले, चपला सारून तानूबाईच्या कानाशी बसले आणि पाठ पहिल्यापासून वाचू लागले. सगळी मंडळी दाराकडे वळली. इनामदारांच्या खुर्चीकडे मात्र सगळ्यांची पाठ झाली. ते उठून गेले. साग गेला, खिळेही गेले.

पावसाला वीस दिवस उरले होते. "आता बसा भिजत!" लोक चिडले.

तानूबाई म्हणाली, "घरटी एक लाकूड आणा. दोर माझा."

प्रत्येकाने आपल्याच घरावरचा एक वासा उतरवून दिला. दोर वळता वळता तिची बोटे सोलली. पण पाऊस आला तेव्हा आत थेंब पडला नाही.

आजही इथे पाठ वाचतात तो दारात, चपलांपाशी बसून. आजही दरवर्षी दोर नवे होतात आणि पहिला पीळ तानूबाईच्या घरातली मुलगीच देते. यंदा तो—

"एस्तेऽर! वाख भिजलाय गं! तोंड आवर आणि ये, सगळे तुझ्यासाठी थांबलेत!"