सगुणाचं हाड

ही गोष्ट सांगा म्हणून किती वेळा डोकं खाल. ऐकून कुणाला अक्कल आल्याचं अजून दिसलं नाही. तरी ऐका.

"...मग जुळत का नाही, बाबा?"

तुळाजीनं पुन्हा विचारलं. खेमाबाबा, म्हातारा हाडवैद्य, बांबूच्या कामट्या तासत बसला होता. तुळाजी त्याचाच चेला. पण आता आजूबाजूच्या गावांत चेल्याचंच नाव. बैलानं उडवलेला माणूस त्यानं चालता केला होता. आणि स्वतःच्या बायकोचं मोडलेलं मनगट चार महिने गळ्यात लोंबत होतं. लोक तोंडावर हसायला लागले होते. ते त्याला झोंबत होतं. मनगटापेक्षा जास्त.

"मोडलं कशानं?" बाबानं विचारलं.

"हंडा उचलताना."

"हंड्यानं हाड मोडतं?"

"हिचं मोडलं. मी बांधलं तुम्ही शिकवलं तसं. विद्येत खोट नसेल, तर बाईत आहे."

त्याची बायको सगुणा दाराशी उभी होती. धडक्या हाताच्या कडेवर तान्हं पोर.

"आणि वर ही भिंतीचा चुना खरवडून खाते, बाबा! चारचौघं घरात येतात, तर भिंतीवर नखांचे ओरखडे. आईनं अंगारा लावला, भूत उतरवलं. काही नाही. शेवटी मी भिंतच शेणानं सारवून टाकली."

बाबाची कामटी हातात राहिली...

मग त्यानं पोराला मांडीवर घेतलं. तोंडात बोट घातलं. पोर कचकन चावलं.

"दात आले की रे."

"सगळं आईच्या दुधावर," तुळाजी फुगून म्हणाला. "माझं पोर आहे."

"मग सापडलं हिचं हाड. तू मनगटात शोधत बसलास."

तुळाजी हसला. एकटाच.

"तुझ्या दारात म्हैस दुभती आहे ना? दूध कोण पितं?"

तुळाजी खाकरला. बोलली ती सगुणा.

"ह्यांना लागतं. हाडं ओढायला जोर लागतो. उरलं तर सासूबाईंना."

"आन् तुला?"

"भांडं मीच विसळते की."

बाबा उठला.

"हात पुढं कर."

सगुणानं केला.

"तू नव्हं, बाय. ह्यो."

त्यानं तुळाजीचा उजवा हात धरला, कामट्या लावल्या आणि कोपरापासून बोटांपर्यंत करकचून बांधला.

"अहो बाबा, हात धड आहे माझा!"

"आहेच. तिचा जुळेस्तोवर सोडायचा नाही. हाडं ओढायची नाहीत, म्हणजे दूधबी लागायचं नाही."

तुळाजीचे कान तापले. तो बांधलेल्या हाताकडं बघत राहिला. बायकोकडं बघायचं त्याला सुचलं नाही. शेवटी वाकला, डाव्या हातानं बाबाचे पाय धरले.

"चुकलो, बाबा. माफी द्या."

बाबानं पाय मागं ओढले.

"माझी कशाला मागतोस? माझं हाड कुठं खाल्लंस तू?"