केरबाचा साटीनचा कोट

एका गावात एक भोळा होता. तसे भोळे गावोगाव असतात, पण बाकीची गावं आपापले भोळे झाकून ठेवतात. या गावानं झाकला नव्हता. त्याचं नाव केरबा.

केरबा वाईट नव्हता हो. सांगितलेलं ऐकायचा. तेच तर दुखणं होतं. आई म्हणाली, दुधावर लक्ष ठेव, की हा लक्ष ठेवायचा. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली, सगळं नीट बघायचा आणि आईला सांगायचा, काय काय झालं ते.

घरात दोघंच. केरबा आणि त्याची आई हौसाबाई. केरबाला मिशा आल्या, मिशा जाड झाल्या, पण लग्न काही जमेना. मुलीचा बाप यायचा, दोन गोष्टी विचारायचा आणि उठून जायचा. एकानं विचारलं, "काय करता आपण?" केरबा म्हणाला, "तुमच्यासमोर बसलोय." तो बाप चहासुद्धा अर्धा टाकून गेला.

मग नदीपलीकडच्या गावाहून एक स्थळ आलं. मुलीचं नाव बकुळा. मुलगी चांगली, घर चांगलं. बापाला सगळे तात्या म्हणायचे. या तात्यांना कपड्याचं भारी वेड. मयताला गेले तरी मेलेल्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ करून यायचे. त्यांनी निरोप धाडला की मी मुलगा बघत नसतो. तोंडावरून माणूस कळत नाही, कोटावरून कळतो. मुलानं आपल्या हातानं कापड निवडावं, आपण जाऊन शिवून घ्यावं आणि साटीनचा कोट घालून यावं. कोट अंगावर बसला, तर तिथंच सुपारी फोडू. आईनं मधे पडायचं नाही.

सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. मग मागं फिरणं नाही.

हौसाबाईला आधी आनंद झाला, कारण हा पहिलाच बाप पोराला काही विचारणार नव्हता. मग तिला घाम फुटला, कारण पोरगं एकटं बाजारात जाणार होतं. तिनं त्याला समोर बसवलं. म्हणाली, "केरबा, हे स्थळ गेलं तर मला दुसरं आणायला आता गाव उरलेलं नाही. नीट ऐक. दुकानात दिव्याखाली सगळंच चकाकतं. दिव्याला भुलू नको. साटीन उजेडात नेऊन बघ."

"बरं आये."

केरबा बाजारात गेला. चंदूशेटच्या दुकानात दिवसासुद्धा दिवे लावलेले. शेटनं साटीनची थानं काढली. एक मोरपंखी, एक डाळिंबी, एक इतकं पिवळंधमक की शेट स्वतः त्याच्याकडं तिरपं बघत होता. केरबाला डाळिंबी आवडलं. मग त्याला आईचं आठवलं. त्यानं अख्खं थान खांद्यावर टाकलं आणि चालायला लागला.

बाहेर नेमकं आभाळ आलेलं. उजेड कुठाय म्हणून त्यानं एका म्हाताऱ्याला विचारलं. म्हाताऱ्यानं समोरचा डोंगर दाखवला. तिथं उन्हाचा एक पट्टा पडला होता. केरबा डोंगराकडं निघाला. शेट धावत बाहेर आला, त्याच्या हाताला थानाचं नुसतं टोक लागलं. ते त्यानं धरलं. केरबा पुढं, शेट मागं, आणि मधल्या सगळ्या बाजारात डाळिंबी साटीन अंथरलेलं. एक म्हैस त्याच्यावरून चालत गेली. म्हशीला नावं ठेवू नका. तिला वाटलं, आपल्यासाठीच घातलंय.

शेटनं तेच कापड त्याच्या गळ्यात मारलं. हौसाबाईनं ते उलटंपालटं करून बघितलं. कोटापुरतं चांगलं निघत होतं, म्हणून तिनं कपाळ थोडंच बडवलं.

"अरे, साटीन सुळसुळीत असतं. ते उलगडू द्यायचं नाही. घट्ट घडी घालायची, वरून सुतळी आवळायची आणि काखेत दाबून घरी आणायचं."

"बरं आये. मग आधी सांगायचं."

दुसऱ्या बाजारी कॉलरला मखमल आणायची होती. केरबानं निळी मखमल निवडली, रंग म्हणाल तर झकास. मग तिची घट्ट घडी घातली. घडीवर गुडघा ठेवून सुतळी आवळली. काखेत दाबली आणि भर उन्हात घरी आला. सुतळी सोडली तर मखमलीवर चारखाने उमटलेले, लव सगळी बसलेली, आणि घामानं ती अशी झालेली की पावसात भिजलेलं मांजर बरं.

हौसाबाईनं तिला चुलीवरच्या वाफेवर धरलं, बोटानं लव उठवली. उठली थोडी.

"अरे बाबा, मखमल दाबायची नसते. हातावर मोकळी ठेवायची. वरून खाली, वरून खाली, हळूच कुरवाळत आणायची. लहान लेकराला थोपटतो तशी."

"बरं आये. मग आधी सांगायचं."

मग खिशावर लावायला टिकल्यांची पट्टी हवी होती. चमचम करणारी. हीसुद्धा केरबानं चांगलीच निवडली. माणसाला कापडातलं कळत होतं हो, बाकीचं कळत नव्हतं. त्यानं पट्टी हातावर मोकळी ठेवली आणि कुरवाळायला सुरुवात केली. वरून खाली, वरून खाली. वाटेत भेटेल त्याला म्हणायचा, हळू बोला. दर हातागणिक चार टिकल्या गळत होत्या. त्याच्यामागून कोंबड्यांची रांग लागली. घरी पोचला तेव्हा हातावर नुसती जाळी राहिलेली, आणि गावातल्या कोंबड्या दुसऱ्या दिवशी चमकत होत्या. कुठून, ते विचारू नका.

हौसाबाई खाली बसली.

"टिकल्यांना हात लावत नाहीत रे. भारी वस्तूला कुणी म्हणता कुणाला हात लावू द्यायचा नाही. लांबून बघायचं, लांबून दाखवायचं."

"बरं आये. मग आधी सांगायचं."

टिकल्यांचा नाद सोडला. साटीन आणि मखमल घेऊन केरबा यादू शिंप्याकडं गेला. यादू गळ्यातली टेप काढून पुढं आला, तसा केरबा मागं सरला.

"हात लावायचा नाही," केरबा म्हणाला. "लांबून बघ."

"अरे, छातीचं माप घ्यायचंय."

"घे की. लांबून."

यादू पुढं, केरबा मागं. दोघांनी मशीनला फेऱ्या घातल्या. मधे एकदा केरबा पुढं आणि यादू मागं असंही झालं. शेवटी यादूला धाप लागली. तो खाली बसला आणि म्हणाला की बाबा, तू अंगाला हात लावू देऊ नको, पण एक कर. जो सदरा अंगावर झकास बसतो ना, तो मापाला आणून दे. त्यावरून मी कोट बेततो.

"मग आधी सांगायचं," केरबा म्हणाला.

आता केरबा होता उसाच्या चिपाडासारखा. त्याचे सदरे त्याच्या अंगावर बसत नव्हते, लटकत होते. हे त्यालाही माहीत होतं. मग झकास बसणारा सदरा कुठं असेल? तो पारावर जाऊन बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे सदरे बघायला लागला. सरपंचाचा सदरा पोटावर रडत होता. गुरुजींचा खांद्यावरून घसरत होता. तेवढ्यात शिरपती जीप घेऊन आला. शिरपती म्हणजे केरबाच्या भावकीतलाच पोरगा, नदीपलीकडं भाडी मारायचा. उंचापुरा, रुंद, अजून बिनलग्नाचा. सदरा त्याच्या अंगावर असा बसला होता, जसा काय सदऱ्यासाठीच तो जन्माला आलाय.

"शिरपती, सदरा दे."

"का रे?"

"माझ्या लग्नाचा कोट शिवायचाय."

शिरपतीला काही कळलं नाही, पण केरबाच्या बोलण्यातलं कळून घ्यायची गावाला सवयच नव्हती. त्यानं सदरा काढून दिला आणि बनियनवर जीप घेऊन गेला.

यादूनं वर न बघताच विचारलं, "झकास बसतो ना?"

"झकास बसतो," केरबा म्हणाला. यात खोटं काय होतं, सांगा.

कोट झाला तो नेमका सुपारीच्या दिवशी सकाळी. असा कोट त्या मुलखात कुणी बघितला नव्हता. डाळिंबी साटीन, निळ्या मखमलीची कॉलर, आणि शिलाई अशी की टाका शोधावा लागे. केरबानं तो अंगात घातला आणि केरबा दिसेनासा झाला. हात कुठं संपतात ते बाह्या चाचपून बघावं लागलं. हौसाबाईनं त्याला गोल फिरवलं. तो फिरला, कोट तिथंच राहिला.

तिच्या डोळ्यांना पाणी आलं. पण रडायला सवड कुठली. ओटीचं सामान घेऊन तिला पहिल्या गाडीनं पुढं जायचं होतं. ती म्हणाली, "केरबा, तात्या दुसरं काही बघणार नाहीत. कोट तेवढा अंगावर बसलेला दिसला पाहिजे. कुणाचीही मदत घे, कसंही कर, पण बसव."

तिला म्हणायचं होतं की यादूकडं जा आणि शिवण आत घेऊन आण. पण तसं ती म्हणाली नाही.

"एवढंच ना," केरबा म्हणाला. "मग आधी सांगायचं." आणि तो शिरपतीकडं गेला.

आता तात्यांच्या घरी या. ओसरीवर सतरंजी, तक्के, दोनचार पंच, मधे पानाचं तबक आणि तबकात सुपारी. हौसाबाई आत बायकांत बसलेली, देवाचं नाव घेत. बाहेर जीप थांबली. शिरपती उतरला. अंगात डाळिंबी कोट. त्याच्यामागून केरबा, हातात नारळ. केरबानं त्याला एवढंच सांगितलं होतं की जरा वेळ घाल, तात्यांना दाखवू आणि काढू.

तात्या उठून उभे राहिले. शिरपतीच्या भोवती एक फेरी मारली. खांद्याची शिवण बघितली, कॉलरवर बोट फिरवलं, बाही मनगटाशी बरोबर संपते का ते वाकून बघितलं. मग त्याला दाराशी उजेडात उभा केला आणि पुन्हा बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

शिरपती ओशाळला. म्हणाला, "तात्या, माझं नाव शिरपती."

"असू दे," तात्या म्हणाले. "कोट चांगला आहे."

"पण हा कोट माझा नाही."

"आता तुझाच म्हणायचा. कापड कुणी निवडलं?"

"मी," मागून केरबा म्हणाला. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं, दुकानातला माणूस असेल समजून मान हलवली आणि शिरपतीला पाटावर बसवलं.

आतल्या दारात बकुळा उभी होती. ती कोटाकडं बघत नव्हती. शिरपतीनं तिला ओळखलं. बाजारच्या दिवशी ती त्याच्याच जीपमधनं जायची. मग तोही कोट कुणाचा ते सांगायचं विसरला.

तात्यांनी अडकित्ता हातात घेतला. तेवढ्यात हौसाबाईनं बकुळाच्या खांद्यावरून ओसरीवर डोकावलं. पाटावर कोट. कोटात शिरपती. आणि तिचा लेक खांबाला टेकून नारळ धरून उभा.

तिनं केरबाला खुणेनं दाराशी बोलावलं आणि दात आवळून म्हणाली, "अरे येड्या, तुझी बायको चालली. जा, सुपारी फुटायच्या आत त्याच्या अंगातला तो कोट काढून आण."

"बरं आये."

केरबा सरळ सतरंजीवर गेला. पंचांच्या मधून वाट काढली. म्हणाला, "शिरपती, कोट काढ." शिरपतीनं काढला. कोट त्याचा थोडाच होता. केरबानं तो दोन्ही हातांवर उताणा घेतला आणि सांभाळत आत निघाला.

ओसरीवर तात्यांचा अडकित्ता तसाच वर. पाटावर शिरपती नुसत्या बनियनवर बसलेला. तात्यांनी दाराकडं बघितलं आणि लेकीला म्हणाले, "बकुळा, कोट तर गेला गं. आता काय करायचं?"

"जाऊ द्या तात्या," बकुळा म्हणाली. "कोट तुम्हाला पसंत होता. मला आतलं पसंत आहे."

पंच हसले. तात्यांनी शिरपतीकडं एकदा नीट बघितलं, खांदे बघितले, छाती बघितली. बहुतेक पुढच्या कोटाचं माप मनात धरलं.

इकडं केरबानं कोट आईच्या मांडीवर आणून ठेवला. बाहेर कट्कन आवाज झाला. पंचांनी अक्षता टाकल्या, बायकांनी हौसाबाईला बाजूला सारून बाहेर धाव घेतली.

हौसाबाई कोट घेऊन बसून राहिली. केरबा तिच्यासमोर उकिडवा बसला. बऱ्याच दिवसांनी त्याचं काम कुठं न चुकता झालं होतं. तोंडभर हसून म्हणाला, "बघ आये, सुपारी फुटायच्या आत आणला."